पोप कैद्यांचे पाय का धुतात? ख्रिस्ती नम्रता आणि ‘शेजारी’ या दोन गोष्टी समजून घेताना

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात वर्तमानपत्रांत एक फोटो पोप फ्रान्सिस यांच्या काळात बहुतेक वर्षी दिसत असे. पांढऱ्या झग्यातला एक वृद्ध माणूस गुडघ्यांवर बसलेला, समोर कुणाचा तरी उघडा पाय, बाजूला पाण्याचा तांब्या आणि तस्त. खाली ओळ: ‘पोप यांनी कैद्यांचे पाय धुतले.’ बातमी तेवढ्यावर संपते आणि वाचणाऱ्याचे प्रश्न तिथून सुरू होतात. कैद्यांचेच का? गुन्हेगाराचा एवढा मान कशासाठी? कॅमेऱ्यासमोर केलेली नम्रता खरी असते का?

या विधीला जागतिक बातमी केली ती पोप फ्रान्सिस यांनी. १३ मार्च २०१३ रोजी ते निवडून आले आणि १५ दिवसांनी, २८ मार्चला, रोममधल्या कासाल देल मार्मो या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले. तिथे त्यांनी बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि त्यांतली एक मुस्लिम. गैरख्रिस्ती लोकांपेक्षा चर्चमधलेच काही जण जास्त दुखावले, कारण नियमाप्रमाणे या विधीसाठी पुरुषच बसायला हवे होते. पुढे जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला आणि स्त्रियांचा समावेश अधिकृत झाला. त्या वर्षी फ्रान्सिस रोमजवळच्या निर्वासितांच्या केंद्रात गेले. तिथल्या बारा जणांत मुस्लिम होते, आणि भारतातला एक हिंदूही.

हा विधी फक्त पोपचा नाही. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजे पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सामध्ये (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) वसईतल्या धर्मग्रामातला फादरही बारा जणांसमोर असाच वाकतो. हे नेमके कशाचे स्मरण आहे, ते आधी पाहू.

मूळ प्रसंग

येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने बायबलमध्ये आहेत. पाय धुण्याचा प्रसंग त्यांतल्या फक्त योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात येतो. येशूला अटक होण्याआधीचे रात्रीचे जेवण चालू आहे. तो मध्येच उठतो, अंगावरचे वरचे वस्त्र काढून ठेवतो, कंबरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो.

आपल्याला यात भाव दिसतो. त्या काळच्या माणसाला आधी घाण दिसली असती. रस्ते धुळीचे, त्यावरून जनावरांची ये-जा, पायांत उघड्या चपला. आलेल्याचे पाय धुणे हे घरातल्या सगळ्यांत खालच्या नोकराचे काम. यहुदी परंपरेत तर असाही एक दंडक सापडतो की, हिब्रू गुलामाला हे काम सांगू नये, इतके ते हलके. अशा कामाला गुरू स्वतः बसला.

पेत्र नावाचा शिष्य पाय मागे घेतो. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, म्हणतो. येशू त्याला सांगतो की, मी तुला धुतले नाही तर तुझा माझ्याशी संबंध उरणार नाही. मग पेत्र दुसऱ्या टोकाला जातो: असे असेल तर पायच कशाला, हात आणि डोकेही धुवा! बायबलमध्ये विनोद क्वचित सापडतो. हा त्यातला एक म्हणायला हरकत नाही. पण पेत्राचा तो नकार लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे आहे.

आणखी एक तपशील सहज सुटतो. त्या बारांमध्ये यहूदाही बसलेला आहे. काही तासांत तो येशूला धरून देणार आहे आणि येशूला ते ठाऊक आहे, असे योहान सांगतो. त्याचेही पाय धुतले जातात. ‘कैद्यांचेच का?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पात्रता तपासून पाय धुवायचे असते, तर त्या रात्री निदान एक जोडी कोरडी राहिली असती.

‘पण श्रीकृष्णानेही सुदाम्याचे पाय धुतले होते’

धुतले होते. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात ब्राह्मणांचे पाय धुण्याचे कामही कृष्णाने आपणहून घेतले, अशी महाभारतातली कथा आहे. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ महाराज तर आपल्या घरचेच. वारीत तर लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. तेव्हा मोठ्याने वाकणे ही ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी आहे, असे कुणी सांगू लागले तर खुशाल हसावे.

फरक आहे तो चौकटीत. पहिले म्हणजे, येशूने हे करून ठेवून दिले नाही. ‘तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा’ अशी आज्ञा दिली. एका थोर पुरुषाची लीला म्हणून आठवण्याऐवजी ती सगळ्या समूहाच्या रोजच्या वागण्याची रीत व्हावी, ही अपेक्षा. ती किती पाळली गेली, हा वेगळा आणि फारसा सुखाचा नसलेला विषय.

दुसरे कारण धर्मशास्त्राचे आहे. पौल या प्रेषिताने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. हे शहर म्हणजे रोमन सैन्यातल्या निवृत्त शिपायांची वसाहत, मानमरातबाला जपणारी. त्यांना पौल लिहितो की, ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा होता, तरी त्याने ते धरून ठेवले नाही. स्वतःला रिकामे केले आणि दासाचे रूप घेतले. रोमन जगात प्रतिष्ठा हे चलनी नाणे होते आणि खालीपणा ही गुलामाची अवस्था. त्या जगात देवच खालच्या जागी जाऊन बसला, असे हे लोक सांगू लागले. ख्रिस्ती नम्रतेचा पाया हा आहे. माणसाने वाकायचे ते देव वाकला म्हणून.

स्वतःला कमी लेखणे म्हणजे नम्रता का?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे, आणि तो खुद्द ख्रिस्ती घरांतही आहे. ‘मी काय, मी तर क्षुद्र’ असे म्हणत राहणाऱ्याला आपण नम्र समजतो. पण त्या वाक्यातही ‘मी’ दोनदा येतोच की. पंगतीत वाढणारे दोन प्रकारचे असतात. एक जण आग्रह करकरून जिलब्या रचतो, पाहुण्याचे पोट भरले आहे हे त्याला दिसत नाही, कारण आपला आग्रह कसा गाजतो आहे यावर त्याचे लक्ष. दुसरा मुकाट्याने फिरतो. कुणाचा भात कोरडा पडला, कुठल्या म्हाताऱ्याला पापड चावणार नाही, हे पानाकडे पाहून ओळखतो. तो स्वतःला चांगला वाढपी समजतो की वाईट, हे त्याला विचारायचे राहूनच जाते. ख्रिस्ती परंपरेतली नम्रता या दुसऱ्याची. नजर स्वतःवरून निघून पानावर जाते. लूकच्या शुभवर्तमानात येशू त्याच जेवणाच्या वेळी स्वतःची ओळख अशीच करून देतो: मी तुमच्यामध्ये वाढणाऱ्यासारखा आहे.

हे भावनेच्या भरवशावर सोडता येत नाही, हे मठवासीयांना लवकर कळले. सहाव्या शतकात इटलीतल्या संत बेनेडिक्टने मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत, त्या आज वाचताना थोड्या कडक वाटतात. मला स्वतःला पस्तिसावे प्रकरण जास्त पटते. स्वयंपाकघरातले काम सगळ्यांनी पाळीपाळीने करायचे, आणि आठवडा संपल्यावर पाळी सोडणाऱ्याने नव्याने पाळीवर येणाऱ्यासह सगळ्यांचे पाय धुवायचे. विद्वान असो की नवखा, भांडी चुकत नाहीत. नम्रता मनात उगवण्याची वाट न पाहता ती वेळापत्रकात घालून टाकली.

‘शेजारी’ म्हणजे कोण?

‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ ही आज्ञा येशूच्या आधीची, यहुदी धर्मशास्त्रातली. लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? प्रश्न अगदी व्यवहारी आहे. प्रीती करायची तर यादी नक्की करून द्या. आपली आळी, आपली जात, आपला धर्म, नेमके कुठवर?

उत्तरादाखल येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावर (उतरणारा म्हणजे खरोखर उतरणारा, सुमारे हजार मीटर खाली) एका माणसाला लुटारू मारून अर्धमेला टाकतात. एक याजक येतो, पाहून पलीकडून निघून जातो. देवळात सेवा करणारा लेवीही तसाच. मग एक शोमरोनी येतो. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. शोमरोन्यांचे गरिज्जीम डोंगरावरचे मंदिर यहुदी राज्यकर्त्याने येशूच्या शंभरेक वर्षे आधी पाडलेले. ऐकणाऱ्यांच्या लेखी हा माणूस गोष्टीतला खलनायक असायला हवा.

तो शोमरोनी तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो. सकाळी मालकाला दोन दीनार देतो (एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी) आणि सांगतो, जास्त लागले तर परत येताना देईन. मग निघून जातो. मला या गोष्टीत सर्वांत आवडते ते हे निघून जाणे. त्याने आपले काम सोडले नाही, जखमीचा ताबा घेतला नाही, त्याच्याकडून उपकाराची पावती घेतली नाही. पैशाची सोय केली, पुढची व्यवस्था लावली आणि वाटेला लागला.

शेवटी येशू शास्त्र्याचा प्रश्नच उलटा करतो. तुझ्या मते या तिघांतला कोण त्या जखमी माणसाचा शेजारी झाला? म्हणजे शेजारी ही यादी नव्हेच. वाटेत जो आडवा पडला आहे त्याचे आपण शेजारी व्हायचे असते, आणि वाटेत कोण पडावे हे आपल्या हातात नसते.

मन चांगले असले की पुरते का?

नाही पुरत. डॉ. पॉल ब्रँड यांचे उदाहरण घ्या. मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून गळतात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रँड यांनी रुग्णांना बारकाईने पाहिले. त्यांच्या लक्षात आले की रोग मज्जातंतूंवर घाव घालतो, वेदना कळेनाशी होते, आणि मग चटके, खिळे, न दिसलेल्या जखमा यांनी बोटे जातात. त्यांनी वाकड्या झालेल्या हातांवर स्नायूबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आणि बधिर पायांना जखम होऊ नये म्हणून मऊ रबराची पादत्राणे बनवून घेतली. कुष्ठरोग्याचे पाय श्रद्धेने धुणारे पुष्कळ होते. त्या पायांना कोणती चप्पल लागते, याचा शोध घेणेही त्याच आज्ञेत बसते.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी केडगावला हेच केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणल्या. त्यांना फक्त जेवू घातले असते तरी पुण्य पदरी पडले असते. रमाबाईंनी शाळा काढली, विणकाम शिकवले, छापखाना चालवला. मुलीने उद्या कुणापुढे हात पसरू नये, हा त्यांचा हिशोब होता.

‘सेवा हे धर्मांतराचे आमिष आहे’

हा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात येणारच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. रमाबाईंच्याच शारदा सदन या विधवांच्या आणि मुलींच्या शाळेवरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो आहे, या कारणावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे, मी माझी श्रद्धा लपवणार नाही आणि कुणावर लादणारही नाही. कोण किती बरोबर, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

तत्त्व म्हणून विचाराल तर उत्तर स्वच्छ आहे. गोष्टीतल्या शोमरोन्याने जखमीचा धर्म विचारला नाही आणि उतारशाळेत त्याला आपला धर्म सांगितला नाही. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, धर्मप्रसारात सक्तीचा किंवा अप्रतिष्ठित मार्गांचा वासही नसावा, विशेषतः गरीब आणि अशिक्षितांशी वागताना, असे लेखी मान्य केले. ज्या मदतीला अशी अट जोडलेली असेल, ती ख्रिस्ती कसोटीवरच नापास आहे. अट आली की तो सौदा झाला, आणि सौद्यात कुणी कुणाचे पाय धूत नाही.

नम्र माणसाने गप्प बसायचे का?

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याचा आरोप होता की ही गुलामांची नीती आहे: ज्यांना ताकद नाही त्यांनी आपल्या दुबळेपणाला सद्‌गुण ठरवले. त्याच्या आरोपाला इतिहासाने उलट्या बाजूने बळ दिले. अमेरिकेत गुलामांच्या मालकांनी गुलामांना आज्ञाधारकपणाची वचने ऐकवली. घरोघरी बायकांना ‘सोसा, हेच ख्रिस्ताचे’ असे सांगणारेही कमी नव्हते. आपल्याकडे तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिश्चनांसाठी दफनभूमीत वेगळा भाग आणि मध्ये भिंत. एकमेकांचे पाय धुणारी मंडळी मेल्यावरही शेजारी पुरून घ्यायला तयार नाहीत.

पण मूळ प्रसंगाची दिशा पुन्हा पाहा. पाणी वरून खाली आले. वाकण्याचा धडा गुरूने स्वतःपासून सुरू केला आणि पुढारी होऊ घातलेल्यांना दिला. ज्याची मान आधीच दाबलेली आहे त्याला ‘अजून वाक’ सांगण्यासाठी हा प्रसंग वापरणे म्हणजे तस्त उलटे धरणे.

वसईत याचे चांगले उदाहरण होऊन गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मगुरू होते, साहित्यिक होते, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वसईची शेती, विहिरी आणि बावखले (गावातली छोटी तळी) बिल्डर आणि गुंडांच्या घशात जाऊ लागली तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली ते रस्त्यावर उतरले. आंदोलनात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, कारण विहिरीचे पाणी धर्म पाहून आटत नाही. शेजाऱ्याची सेवा करायची तर कधी त्याच्यासाठी भांडावे लागते. स्वतःच्या मानासाठी न भांडणे एवढीच नम्रतेची अट.

कॅमेऱ्यासमोरची सेवा खरी कशी?

येशूचेच वचन आहे की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये. मग पोपमागे छायाचित्रकार कशाला? आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेला. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधान नरेंद्र मोदींनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. अनेकांना गहिवरून आले. सफाई कामगारांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी मात्र विचारले की गटारात उतरून होणारे मृत्यू कधी थांबणार?

तो प्रश्न पोपनाही तसाच लागू आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्सिस यांनी दक्षिण सुदानच्या एकमेकांविरुद्ध लढलेल्या नेत्यांना, साल्वा कीर आणि रीक माशार यांना, व्हॅटिकनला बोलावले आणि ऐंशी ओलांडलेल्या पोपनी गुडघ्यांवर बसून त्यांच्या बुटांना ओठ टेकवले. फेब्रुवारी २०२० मध्ये दोघांचे संयुक्त सरकार आले. मार्च २०२५ मध्ये कीर यांच्या सरकारने माशार यांना नजरकैदेत टाकले. खूण दार उघडू शकते. आत जायचे की नाही हे समोरच्यावर.

कासाल देल मार्मोचा हिशोब त्यामानाने साधा निघाला. फ्रान्सिस यांच्या मृत्यूनंतर रोमच्या एका बिशपांनी सांगितले की, तिथल्या मुलांना काम मिळावे म्हणून चालणाऱ्या पास्ता कारखान्याचे कर्ज फेडायला पोपनी आपल्या खात्यातले दोन लाख युरो दिले होते. ते देताना फोटो नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, म्हणून मला पहिल्या गोष्टीकडे जरा कमी संशयाने पाहावेसे वाटते.

पेत्राची अडचण

सेवेबद्दल बोलताना आपण स्वतःला नेहमी पाय धुणाऱ्याच्या जागी धरतो. ती जागा वाकलेली असली तरी सोयीची आहे. देणारा आपण असतो. पेत्राला धुवायला सांगितले असते तर तो पटकन बसला असता. त्याला जड गेले ते स्वतःचा मळका पाय पुढे करणे. आजारपणात ज्याने सुनेकडून किंवा मुलाकडून स्वतःला न्हाऊमाखू घालून घेतले आहे, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

काही ख्रिस्ती पंथांनी म्हणून विधीची रचनाच वेगळी ठेवली. मेनोनाइट आणि ब्रेदरन मंडळ्यांमध्ये पाय धुणारा फादर आणि बसणारे बारा, अशी वाटणी नसते. उपासक ओळीने किंवा जोडीने बसतात. शेजारचा तुमचे पाय धुतो, पुसतो. मग तुम्ही उठून पुढच्याचे धुता. सगळ्यांचे पाय ओले होतात आणि रुमाल सगळ्यांच्या हातातून जातो.